आगळीपासून ॲपपर्यंत : भिवंडीतल्या गेटाचा इतिहास

मंडळी, आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, की गेटाला कसला आलाय इतिहास? पण दार कोणी उघडायचं, कोणासाठी आणि किती, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. त्या काळातल्या किल्ल्यांचे दरवाजे बघा. मोठ्या दरवाज्याला आतून आगळ, आणि त्याच दरवाज्यात एक लहान दिंडी. रोजची ये-जा दिंडीतून, एकेकानं वाकून. म्हणजे ‘कोणाला आत घ्यायचं’ आणि ‘दार किती उघडायचं’ हे दोन निर्णय वेगवेगळे ठेवलेले होते. घरी बनवलेल्या विजेच्या गेटाला आपण रिमोट आणि मोबाइल जोडतो, तेव्हा हेच निर्णय पुन्हा घ्यावे लागतात.

आता भिवंडीच का? कारण या गावात मोटर ही नवलाईची वस्तू नाही. यंत्रमागांचं हे गाव. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतलं विणकामाचं बरंचसं काम इकडे वळलं. पुढे मुंबईच्या जकात हद्दीबाहेर असल्यामुळे माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या बाजूला गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं राहिली. माग भंगारात निघू लागले आणि गेटं मात्र वाढली. ज्या गावात मोटर भरणारा, वेल्डिंगवाला आणि वायरमन सहज सापडतो, तिथे तयार गेट विकत घेण्यापेक्षा ते बनवून घेणं लोकांना सोपं वाटतं, यात आश्चर्य नाही.

अशा गेटाची रचना साधी असते. खाली रूळ, गेटाला चाकं, बाजूला दातेरी पट्टी, मोटरला दातेरी चाक. दोन्ही टोकांना लिमिट स्विच. केबिनमध्ये तीन बटणं: उघड, बंद, थांब. रिमोट जोडायचा म्हणजे काय करायचं? रिसीव्हरमधल्या रिलेचे दोन संपर्क ‘उघड’च्या बटणाला समांतर जोडायचे, बस. मोटरच्या दृष्टीनं काहीच बदललेलं नसतं. तिला वाटतं, कोणीतरी बटण दाबलं. रिमोट म्हणजे लांब झालेलं बोट.

हे बोट लांब कसं झालं, तेही आपल्याच देशाशी जोडलेलं आहे. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात तारेशिवाय, भिंतींपलीकडची घंटा वाजवून दाखवली. १८९८ मध्ये निकोला टेस्लानं न्यूयॉर्कला लहानशी बोट रेडिओ लहरींनी चालवली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गॅरेजच्या दारांना रेडिओ रिमोट लागले, आणि लगेच अडचण आली. एकाचं बटण दाबलं की शेजाऱ्याचं दार उघडायचं! मग रिमोटमध्ये लहान स्विचांची रांग आली. बारा स्विच, म्हणजे ४०९६ संकेत. पुरेसे वाटतात की नाही? २०१५ मध्ये सॅमी कामकार या संशोधकानं एका खेळण्यात फेरफार करून दाखवलं, की असं दार दहा सेकंदांच्या आत उघडता येतं. म्हणून आता दर वेळी बदलणारा संकेत, म्हणजे रोलिंग कोड, वापरतात. गेटासाठी रिमोट घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा.

मोबाइलची गोष्ट आणखी आपली आहे. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. २००३ मध्ये इनकमिंग मोफत झालं आणि मिस्ड कॉल ही आपली भाषाच बनली. सिमकार्डवर चालणारं गेट हीच भाषा बोलतं. तुम्ही रिंग द्यायची, यंत्र नंबर ओळखतं, फोन कापतं आणि गेट उघडतं. त्या रिंगचा एक पैसा लागत नाही. २०१४ नंतर इएसपी८२६६ सारख्या स्वस्त वाय-फाय चिप आल्या आणि ॲपवरून गेट उघडणं सामान्य कारागिराच्या आवाक्यात आलं.

पण इथे थांबून विचार करू. केबिनमधल्या माणसाच्या बोटाबरोबर त्याचे डोळेही होते. ॲप दाबणारा ठाण्यात बसलेला असेल, तर डोळे कुठे आहेत? गेटाच्या रुळावर पोर खेळत असलं तर? अमेरिकेत स्वयंचलित दारांखाली सापडून मुलं दगावली, तेव्हा कायदा करावा लागला. १९९३ पासून तिथे घराच्या प्रत्येक नव्या स्वयंचलित गॅरेज-दाराला अडथळा ओळखून उलटं फिरणारी व्यवस्था सक्तीची झाली. भिवंडीच्या कारागिराला हे तत्त्व नवं नाही. मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. धाग्यासाठी जी काळजी घेतली, ती माणसासाठी घ्यायची, एवढंच. फोटोसेल आणि अडलं की थांबणारी मोटर, हे आधी. ॲप नंतर.

दुसरी गोष्ट, लाइट. २६ जानेवारी २००७ ला भिवंडीची वीज वितरण व्यवस्था टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून गेली. देशातला हा असा पहिला मोठा प्रयोग. त्याआधीचं भारनियमन इथल्या लोकांना आठवत असेल. लाइट आजही कधी जाणार, हे सांगता येत नाही. आणि भिवंडीत गोदामांना आगी लागतात, हे आपण वारंवार वाचतो. आग लागली की आधी वीज तोडतात. तेव्हा मोटरचा दात सोडवून गेट हातानं ढकलता आलं पाहिजे. ती चावी आतल्या कामगारांना माहीत असली पाहिजे, नुसती मालकाच्या खिशात नको. शिवाय शेजारी एक लहान दार हवं, जे आतून कोणालाही उघडता येईल.

म्हणजे बघा, आपण पुन्हा दिंडीपाशीच आलो. जुन्या गवंड्या-सुतारांनी मोठा दरवाजा बंद ठेवूनही माणसाची वाट मोकळी ठेवली होती. आपल्या गेटाला कितीही रिमोट जोडा, आत अडकलेल्या माणसाला बाहेर पडण्यासाठी कोणाच्या मोबाइलची वाट पाहावी लागू नये.