धावेपासून अलॉयपर्यंत

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. त्याआधीच्या बेलापूर पट्टीत भाताची खाचरं होती, मिठागरं होती आणि माल वाहायला बैलगाडी होती. तिच्या चाकाला लोखंडी धाव चढवणं हे लोहाराचं कसबाचं काम. धावेचा घेर तो लाकडी चाकाच्या घेराहून किंचित कमी ठेवी. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल झाली की सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की आरे आणि पुठे करकचून आवळले जात. धाव सैल राहिली, तर उन्हाळ्यात लाकूड सुकताच ती वाटेत निसटे. फार घट्ट झाली, तर चाकच वाकडं होई. माप ठरवणारे दोघेच, वाहायचं ओझं आणि तुडवायचा रस्ता. गाडीवानाच्या हौसेला वाव होता तो बैलांच्या शिंगांना रंग देण्यात.

मोटारी आल्या तरी हा हिशेब फारसा बदलला नाही. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगावला विलिस जीप जोडायला घेतली, तिचा टायर ६.००-१६. म्हणजे रुंदी सहा इंच, रिम सोळा इंच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या फियाटला ५.२०-१४, अँबेसेडरला ५.९०-१५. गिऱ्हाईकाने यातून निवडायचं काय? काहीच नाही. गाडीसाठीच जिथे वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, तिथे चाकाची चैन कोण करणार? टायर गुळगुळीत झाला की रिट्रेड, म्हणजे त्याच सांगाड्यावर नवं रबर.

फरक पडला तो रेडियल टायरने. मिशेलिनने १९४६ साली पेटंट घेतलेला हा टायर भारतात बनू लागला १९७७ साली, जेके टायरकडे. त्याच्याबरोबर मापाची नवी भाषा आली, आणि ती जरा विक्षिप्तच आहे. २३५/६५ आर१७ यात पहिला आकडा मिलिमीटरमधला, दुसरा टक्क्यांमधला आणि तिसरा इंचांमधला. रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १७ इंची. मेट्रिक पद्धत आणि इंच एकाच ओळीत इतक्या गुण्यागोविंदाने क्वचितच नांदत असतील.

नवी मुंबईत टायरचा धंदा वाढवला तो मालवाहू ट्रकांनी. वाशीचा खाडीपूल १९७३ साली सुरू झाला. पुढच्या दोन दशकांत मुंबईची घाऊक बाजारपेठ टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला आली, कळंबोलीला लोखंड बाजार बसला आणि १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. या सगळ्यांना लागत होता १०.००-२० चा ट्रक टायर. शौकीन मोटारवाला मात्र मॅगव्हीलसाठी, म्हणजे अलॉयच्या चाकांसाठी, खाडी ओलांडून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाई.

मग १९९८ साली टाटांची सफारी आली, २००२ साली महिंद्राची स्कॉर्पिओ. आणि त्याच २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला, तोही कळंबोलीच्याच दारातून. वाशी ते बेलापूर पाम बीच रोड तर होताच, सरळ, रुंद आणि रात्री शर्यतीचा मोह घालणारा. उंच, दणकट गाडी आणि पळवायला रस्ता, दोन्ही एकदम हाताशी आली. चाकाचं माप आता डोळा ठरवू लागला.

डोळ्याला मोठी रिम आणि बारीक भिंत भावते. हे करायची शहाणी रीत अशी: रिम एक इंच वाढली की भिंत तेवढी कमी करायची, म्हणजे चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो. खुद्द कंपन्याही हेच करतात. पुण्यात बनणाऱ्या टाटांच्या २०१९ च्या हॅरियरला २३५/६५ आर१७ होता, व्यास साधारण ७३७ मिलिमीटर. तिच्याच भावंडाला, २०२१ च्या सफारीला, २३५/६० आर१८, व्यास ७३९. इंच वाढला, पण चाक वाढलं दोनच मिलिमीटर.

दुकानात मात्र पुष्कळदा 'भरलेलं दिसलं पाहिजे' एवढीच मागणी असते. हॅरियरच्या त्या १७ इंची रिमवर २६५/६५ चढवला, तर व्यास ७७६ वर जातो, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त; तीन टक्क्यांच्या आत राहावं हा या धंद्यातला सर्वमान्य संकेत. मग मीटरवर ९५ दिसत असताना गाडी प्रत्यक्षात १०० ने धावते. वळताना टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासतो. ते टाळायला कमी ऑफसेटची रिम घ्यावी, तर चाक बाहेर येतं आणि बेअरिंगवर भार वाढतो. भाराच्या आकड्याकडे तर सहसा कुणी बघतच नाही. टायरवर १०४ असेल तर तो ९०० किलो पेलतो, १०० असेल तर ८००. सात माणसं आणि त्यांचं सामान घेऊन घाट चढणाऱ्या गाडीत हा फरक किरकोळ नसतो.

शिवाय इथला पावसाळा आहे. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू लागतो. बारीक भिंतीचा टायर सायन-पनवेल महामार्गाच्या खड्ड्यात जोरात आपटला, की भिंतीतले धागे तुटून बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. वाकलेली रिम मशीनवर सरळ करून मिळते, पण अलॉयला तडा गेला असेल तर वेल्डिंगवर भरवसा ठेवणं हा जुगारच.

कायद्याने यात लक्ष घातलं ते उशिरा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ जुनंच आहे, पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. त्यानंतर एमएच-४३ च्या, म्हणजे नवी मुंबईच्या पाटीच्या, सावध मालकांची एक पळवाट लोकप्रिय झाली आणि ती बरीचशी रास्तही आहे: गाडी घ्यायची खालच्या मॉडेलची आणि चाकं चढवायची त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलची. स्कॉर्पिओ-एनला कंपनीच २४५/६५ आर१७ देते आणि २५५/६० आर१८ ही देते, व्यासात फरक पावणेदोन टक्क्यांचा. २०२० च्या थारला तशीच १६ आणि १८ इंची जोडी. माप कंपनीचंच असल्यामुळे भार, वेग आणि मडगार्डची जागा यांचा हिशेब आधीच झालेला असतो.

उतरवलेले कोरे टायर वाया जात नाहीत. दुकानदार ते नव्यांच्या किमतीत वळते करून घेतो आणि चार पैसे चढवून विकतो. गिऱ्हाईकही ठरलेलं असतं, त्याच मापाची जुनी गाडी चालवणारा आणि रिमच्या इंचांशी काही देणंघेणं नसणारा. तो आधी टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचतो, कितव्या आठवड्यात आणि कोणत्या साली बनला ते बघतो, आणि मग भाव करायला बसतो.