पगार आणि शांतता

भाट्याच्या पुलावर संध्याकाळी उभे राहावे. काजळी नदी इथे समुद्राला मिळते. पलीकडे राजिवड्याच्या होड्या, अलीकडे सुरूचे बन. पावसाळ्यातली बंदी संपून एक ऑगस्टला मासेमारी सुरू होते, तेव्हा खलाशांच्या घोळक्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "यंदा पगार किती ठरला?" पूर्वी मासळीत वाटा असे, आता पुष्कळ यांत्रिक बोटींवर महिन्याचा पगार असतो. मी याच गावचा. हा शब्द लहानपणापासून ऐकत आलो, पण तो आला कुठून, हे विचारायचे मला फार उशिरा सुचले.

'वेतन' संस्कृतातून आले, ते अजून सरकारी कागदातच जास्त रमते. 'मुशाहिरा', बोलण्यातला 'मुशारा', हा अरबी 'शह्र' म्हणजे महिना यावरून आला. 'रोजमुरा' फारसी वळणाचा. पगार मात्र समुद्रावरून आला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली. रत्नागिरीचा किनारा या दोन्हींच्या मधला. त्यांच्याशी व्यापार करणाऱ्यांनी, त्यांच्याकडे चाकरी करणाऱ्यांनी त्यांचे शब्दही घरी आणले. पाव, चावी, साबण, घमेले, तुरुंग ही सारी त्याच वाटेने आलेली मंडळी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज तिथून गेले. चावी आणि साबण मात्र आपल्याकडेच राहिले. गोव्यातील आसगावचे विद्वान धर्मगुरू सेबास्तियाँव रोदोल्फ दालगाद यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतल्या अशा पोर्तुगीज शब्दांवर एक मोठा ग्रंथच लिहिला.

गंमत अशी, की पोर्तुगीज भाषेत 'पगार' म्हणजे वेतन नव्हे. ते क्रियापद आहे : पैसे देणे, चुकते करणे. देणाऱ्याच्या तोंडचे क्रियापद घेणाऱ्याने नाम करून टाकले. मग आपण ते इतके आपलेसे केले, की भरपगारी रजा आली, पगारवाढ आली आणि 'बिनपगारी फुल अधिकारी'ही आला. लिस्बनला जाऊन कुणी "माझा पगार द्या" म्हणाला, तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल.

या शब्दाचे मूळ लॅटिन 'पाकारे'. त्याचे वंशज युरोपभर पसरले आहेत. स्पॅनिशमध्ये 'पगार', इटालियनमध्ये 'पागारे', फ्रेंचमध्ये 'पेये', आणि फ्रेंचांकडून इंग्रजांनी घेतलेला 'पे'. म्हणजे ऑफिसातली 'पे स्लिप' आणि खलाशाचा पगार ही एकाच आजीची नातवंडे. 'क'चा 'ग' कसा झाला, याचे नवल वाटायला नको. संस्कृत 'मकर' आपल्या तोंडी 'मगर' झाली, 'प्रकट'चे 'प्रगट' झाले. दोन स्वरांमध्ये सापडलेला 'क' मऊ होतो, तिकडेही आणि इकडेही.

खरे आश्चर्य अर्थाचे आहे. 'पाकारे' हा शब्द 'पाक्स'वरून आला आणि 'पाक्स' म्हणजे शांतता. 'पाकारे' म्हणजे शांत करणे. ज्युलियस सीझर गॉल देश 'शांत केला' असे लिहितो, तेव्हा ती तलवारीने केलेली शांतता असते. पुढच्या काळात हाच शब्द सावकाराच्या दारात आला. ज्याचे देणे आहे त्याचे समाधान करणे, त्याला शांत करणे, म्हणजेच त्याचे पैसे देणे. इटालियनमध्ये 'आप्पागारे' म्हणजे अजूनही तृप्त करणे. रुमानियन भाषेने तर जुना अर्थच सांभाळला. तिथे याच कुळातला 'इम्पका' म्हणजे समेट घडवणे, आणि पैसे देण्यासाठी त्यांनी शेजारच्या स्लाव्ह लोकांचा शब्द घेतला.

पैसे देऊन माणूस शांत होतोच असे मात्र नाही. भाट्याच्या खाडीवर नजर टाकणाऱ्या टेकडीवर थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणले. १९१० मध्ये तो या राजवाड्यात राहायला आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. त्याला सरकारी पेन्शन होती. 'पेन्शन'ही लॅटिनच, तिचे मूळ 'पेन्देरे', म्हणजे तोलणे. पूर्वी पैसा तोलून देत, त्याची ही आठवण. स्पेनच्या 'पेसो' नाण्याचे नावही त्याच घरातले. ही रक्कम पुरत नाही म्हणून राजा सरकारकडे तक्रारी करीत राहिला, जवाहीर विकत राहिला. तोलून दिलेले पैसे त्याला मिळाले, 'पाक्स' काही मिळाली नाही.

मराठीने देण्याकडे आणखी वेगळ्या नजरेने पाहिले आहे. आपण कर्ज 'फेडतो', नवस फेडतो, पांग फेडतो. फेडणे म्हणजे सोडवणे, गाठ मोकळी करणे. लॅटिनमध्येही 'सोल्वेरे' म्हणजे सोडवणे आणि देणे चुकवणे, दोन्ही. एका शब्दाला देण्यात भांडण दिसते, दुसऱ्याला गाठ.

माझे वडील मुंबईत गिरणीत होते. भाट्याला दर महिन्याला मनीऑर्डर यायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आमची मनीऑर्डर थांबली. आईने वाण्याच्या दुकानावरून जाणे सोडले. पाणंदीने, लांबच्या वाटेने ती बाजाराला जाई. वाणी कधी काही बोलला नव्हता. तरी ती जाई. पुढे वडील गावी परतले, रत्नागिरीत एका वखारीत हिशेब लिहायला लागले. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी त्यांनी पैसे आईच्या हातावर ठेवले. दुसऱ्या दिवशी तिने वाण्याची उधारी फेडली आणि दुकानावरूनच, सरळ रस्त्याने, घरी आली.

'पाकारे'चा अर्थ मी पुढे कोशात वाचला. पण तो त्या दिवशी आईच्या चालण्यात आधीच पाहिला होता.