रद्दीतून परतलेला वेताळ

चित्रकथा म्हणजे मुलांचा खाऊ, मिसरूड फुटले की तो सुटलाच पाहिजे, अशी आपल्या घरांतून सर्वसाधारण समजूत होती. ज्या मुलांच्या हातांतून त्या काळी अंक हिसकावून घेतले गेले, तीच आज पन्नाशी-साठी गाठून पुन्हा चित्रकथांकडे वळली आहेत. वाशीत घर आशीर्वादित करायला गेलो की शोकेसमधल्या चषकांशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले 'इंद्रजाल'चे पिवळट अंक अधूनमधून दिसतात. यजमान जरा लाजतात. लाजण्याचे कारण नाही.

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ली फॉक ह्या अमेरिकन लेखकाचे मँड्रेक (१९३४) व फँटम (१९३६) हे त्यांतले मुख्य नायक. मराठी आवृत्तीत फँटमचा 'वेताळ' झाला. हे नाव ज्याला सुचले त्याला दाद द्यावी तेवढी थोडी! कोकणातल्या माणसाला वेताळ म्हणजे गावाची राखण करणारा देव; 'चांदोबा' वाचणाऱ्या मुलाला तो विक्रमाच्या खांद्यावरचा. परक्या अरण्यातला मुखवटेधारी गोरा त्यामुळे पहिल्याच भेटीत घरचा वाटला. मँड्रेकला असे नाव लाभले नाही आणि तो पाहुणाच राहिला, असे मला वाटते.

प्रौढपणी हेच अंक उघडले की काही निराळेच दिसू लागते. मूळ कथेत वेताळाच्या अरण्याचे नाव 'बेंगाली' होते आणि त्याचे पिढीजात वैरी म्हणजे 'सिंग' चाचे. आपल्याकडील आवृत्तीत अरण्याचे 'देंकाली' आणि सिंगांचे 'सिंगा' केले गेले. का केले, हे दहाव्या वर्षी कोण विचारतो? एका गोऱ्या घराण्याने चारशे वर्षे वनवासी टोळ्यांना शांतता शिकवावी, ही कल्पनाही आज खटकते. तरी पान उलटतेच. दोन्ही मने एकाच वेळी जागी असतात, आणि प्रौढ वाचनाची गोडी मला त्यातच दिसते.

'इंद्रजाल'चे काम पाहिलेले अनंत पै १९६७ साली दिल्लीत असताना त्यांनी दूरदर्शनवर एक प्रश्नमंजूषा पाहिली. मुलांना ग्रीक दैवतांची माहिती होती, रामाच्या आईचे नाव मात्र सांगता आले नाही. त्याच वर्षी इंडिया बुक हाउसतर्फे 'अमर चित्रकथा' सुरू झाली. गंमत अशी, की मालेचे पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे आहेत, 'कृष्ण' अकरावा. त्याची चित्रे राम वाईरकरांची. पुढे ह्या मालेत येशू ख्रिस्तावरही अंक निघाला. १९८० मध्ये पैंनी 'टिंकल' काढले. त्यातला शिकारी शंभू १९८३ साली लुईस फर्नांडिस व चित्रकार वसंत हळबे ह्या जोडीने घडवला. हळबे यांच्यानंतर तो सॅव्हियो मस्करेन्हस यांच्या कुंचल्यातून उतरू लागला. ही नावे आपल्या समाजात फारशी उच्चारली जात नाहीत, ती उच्चारली जावीत.

चित्रांतून गोष्ट सांगणे लहानांपुरते कधीच नव्हते. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथ्या गावातल्या थोरांपुढेच उलगडत आले. त्यांतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पोप ग्रेगरी पहिले यांनी इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेलीचे बिशप सेरेनस यांना लिहिले होते, की ज्याला वाचता येत नाही तो चित्रांतून वाचतो. टिनटिनचा जन्म तर १९२९ साली ब्रुसेल्सच्या एका कॅथलिक दैनिकाच्या पुरवणीत झाला. दैनिकाचे संचालक धर्मगुरू होते. पुढे १९४६ मध्ये निघालेले 'टिनटिन' साप्ताहिक सात ते सत्याहत्तर वर्षांच्या तरुणांसाठी असल्याचे सांगत असे.

आपल्याकडे मात्र मधली साखळी तुटली. 'इंद्रजाल' १९९० मध्ये बंद पडले. खाडीपूल १९७३ चा. ९ मे १९९२ रोजी मानखुर्दहून रेल्वेही वाशीत आली आणि मुंबईतली कुटुंबे इकडे येऊ लागली. बिऱ्हाड हलवताना पहिला बळी रद्दीचाच जातो. आज त्याच रद्दीतला अंक हवा असेल तर छापील किमतीच्या कितीतरी पट मोजावी लागते. फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत देशातला पहिला कॉमिक कॉन भरला. तेथे अनंत पैंना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हापासून मोठी माणसे उजळ माथ्याने चित्रकथा विकत घेऊ लागली, परंतु घेतात ती बहुतांशी इंग्रजी. वेताळाला मराठी बोलायला लावणारे भाषांतरकार कोण होते, हे त्यांच्याच वाचकांच्या स्मरणात नाही.

आमच्या धर्मग्रामातले एक निवृत्त गृहस्थ मूळचे वसईचे, मराठी शाळेत शिकलेले. माटुंग्याच्या पदपथावरून त्यांनी 'वेताळ'चे सात अंक मिळवले आहेत. नात इंग्रजी शाळेत जाते; तिला देवनागरी अडखळत वाचता येते. रविवारच्या मिस्सानंतर दोघे अंक घेऊन बसतात. ती चित्रांवर बोट ठेवते, आजोबा फुग्यातले शब्द वाचतात. अलीकडे ती छोटे फुगे स्वतः वाचू पाहते. लांबलचक फुगा आला की अंक आजोबांकडे सरकवते.