चौपाटी ते धुळे : घरच्या विमानाची पहिली झेप

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित विमान उडविले, ही कथा आपल्या हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतूनही अभिमानाने सांगितली जाते. राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे! उड्डाण पाहण्यास सयाजीराव महाराज व न्यायमूर्ती रानडे उपस्थित होते, असेही त्या कथेत येते. २०१५ साली तिच्यावर हिंदी चित्रपट निघाला आणि ती पुन्हा ताजी झाली.

तळपदे ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाशी त्यांचा संबंध होता, विमानविद्येचा ध्यासही होता. परंतु त्या उड्डाणाचा निर्विवाद म्हणता येईल असा समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. त्याच विद्यालयात शिकलेले आपल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या हाती पोहोचले. मरुत्सख्याचा एखादा सांगाडासुद्धा दाखविता येत नाही.

कथेला आधार म्हणून ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचे नाव घेतले जाते. या ग्रंथाचा संबंध आपल्याच राज्यातील आनेकलच्या सुब्बराय शास्त्री यांच्याशी आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली त्याची कसून छाननी केली. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे ग्रंथ विमानाच्या मागून आला. हा निष्कर्ष मला कटू वाटला तरी मान्य करावा लागतो. आयुष्यभर सरकारी फायली हाताळल्यामुळे असेल, पण ज्याची नोंद नाही त्याविषयी ठामपणे बोलण्यास माझी लेखणी धजत नाही.

उलट १७ डिसेंबर १९०३ ची गोष्ट पाहावी. राइट बंधूंची पहिली झेप अवघी १२ सेकंदांची, १२० फुटांची. एखाद्या मोठ्या वाड्याच्या अंगणात मावेल एवढीच. पण पाच साक्षीदार होते, कॅमेरा आधीच रोखून ठेवला होता आणि रोजनिशीत वेळ व वारा लिहिला गेला. सायकलींच्या दुकानात तयार झालेले ते यंत्र त्या नोंदींमुळे इतिहासात गेले.

घरी विमान बांधणाऱ्या मराठी माणसाची नोंद असलेली कथा त्यानंतर शतकाने घडली. कॅप्टन अमोल यादव हे तेव्हा जेट एअरवेजमधील वैमानिक होते. मुंबईत कांदिवलीतील चारकोप येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधावयास घेतले. परदेशात सुट्या भागांचा संच विकत आणून घरी विमान जोडणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. अमेरिकेत तर निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केले असले तरच ते घरगुती विमान ठरते. यादवांच्या हाती असा तयार संच नव्हता. आरंभीचे प्रयत्न फसले, तरी सहा आसनांचे ‘टीएसी-००३’ उभे राहिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहासाठी ते गच्चीवरून खाली उतरविले गेले.

येथून पुढचा प्रवास आमच्या जुन्या खात्याच्या ओळखीचा. विमान तयार, पण कागद नाहीत! नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी होण्यास नोव्हेंबर २०१७ उजाडला. विमानाला व्हीटी-एनएमडी ही खूण मिळाली. शेवटची तीन अक्षरे नरेंद्र मोदी व देवेंद्र यांच्या नावांवरून घेतलेली. सरकार-दरबारी काम अडलेल्या माणसाला यामागचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. उड्डाणाच्या परवान्यासाठी आणखी दोन वर्षे गेली. तो ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाला.

या विलंबाबद्दल वृत्तपत्रांतून पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तच होती. तथापि कागद मागणे आणि कागद अडविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नव्या विमानाचे पहिले उड्डाण ही जिवावरची गोष्ट असते. आधी विमानाचे वजन करून त्याचा गुरुत्वमध्य ठरवावा लागतो. तो जरा मागे सरकला तर नाक आवरत नाही. दांडा डावीकडे वळविल्यावर पंखावरील झडपा योग्य दिशेलाच हलतात ना, हे पुन्हा पुन्हा पाहावे लागते. वैमानिकांचे जीव या साध्या चुकीने गेले आहेत. इंधन पुरेशा वेगाने इंजिनापर्यंत पोहोचते का, हे मोजतात. मग विमान धावपट्टीवर प्रथम संथ, नंतर वेगाने नुसतेच पळविले जाते. पहिल्या उड्डाणात प्रवासी कोणी नसतो. त्यानंतरही अमेरिकेत अशा विमानाला सामान्यतः २५ ते ४० तास ठरावीक हद्दीतच उडवून प्रत्येक तासाची नोंद ठेवावी लागते. गर्दीच्या मुंबईत हे जमणारे नव्हते.

त्यासाठी धुळ्याची धावपट्टी निवडली गेली. २०२० साली, करोनाच्या त्या निर्मनुष्य दिवसांत, गच्चीवर बांधलेल्या त्या विमानाच्या चाचणी उड्डाणांचा पहिला टप्पा तेथे पार पडला. कोणी महाराज नव्हते, न्यायमूर्ती नव्हते. पण विमानाला क्रमांक होता, परवाना होता आणि तारीखवार नोंद होती.