साथ आणि साथसंगत

मराठीतला ‘साथ’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. गावात पटकी आली, प्लेग आला की आपण म्हणतो, साथ आली. आणि गवयाच्या शेजारी कुणी तबला घेऊन बसले तरी म्हणतो, तबल्याची साथ उत्तम झाली. पहिल्या साथीत माणसे एकमेकांपासून पळतात, दुसरीत एकमेकांना चिकटून बसतात. एका शब्दाचे दोन अर्थ शिकवताना मी हे उदाहरण कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. मुले हसायची, मीही हसायचो. मार्च २०२० नंतर मात्र या दोन अर्थांची गाठ पडली आणि एका साथीने दुसरी साथ कशी मोडते, हे आपण सर्वांनीच पाहिले.

आज लिहायचे आहे ते एकत्र वाजवणाऱ्या मुलांबद्दल. परदेशात शाळा-कॉलेजच्या मुलांचे वाद्यवृंद असतात, त्यांना ‘यूथ ऑर्केस्ट्रा’ म्हणतात. आमच्या नांदेड-लातूरकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की गणपतीत मांडवासमोर सिनेमाची गाणी म्हणणारा संच डोळ्यांपुढे येतो. पण पन्नास मुलांनी एका तालात, एकमेकांकडे कान देऊन वाजवायचे, हा प्रकार आपल्याकडे नाही असे थोडेच आहे? दिंडीतले टाळकरी, शाळेचे लेझीम पथक, अलीकडचे ढोल-ताशा पथक हे आपले यूथ ऑर्केस्ट्राच की! फक्त आपण त्यांना त्या नावाने ओळखत नाही.

साथीने ही मंडळी घरी बसवण्याची कथा जुनी आहे. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला तो १८९७ सालचा, प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला. योगायोग असा की त्याच १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावू लागली. ती पुढे १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. वारकऱ्यांची सोय झाली, पण यात्रेत पटकी पसरते ही सरकारची धास्ती तेव्हाही होतीच. गर्दी, भजन आणि साथ यांची ओढाताण अशी शंभर-सव्वाशे वर्षांची आहे.

१९१७ मध्ये आळंदीला विष्णुबुवा जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. खेड्यापाड्यांतली मुले तिथे राहून गायन, पखवाज, कीर्तन शिकू लागली. वर्षभरातच, १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाची ती भयंकर साथ आली. हिंदुस्थानात त्या साथीत एक कोटीहून अधिक माणसे गेली. १९२० मध्ये जोग महाराजही गेले. तीन वर्षांचे ते रोपटे, पण जगले, शंभरी ओलांडून गेले. मला वाटते, याचे कारण त्या शिक्षणाच्या रीतीत आहे. पखवाज नुसता पुस्तकातून येत नाही, तो पुढे बसलेल्याच्या हाताकडे पाहून येतो. आधी शिकलेला मुलगा नंतर आलेल्याला शिकवतो. एक जण गेला तरी त्याचे शिक्षण दुसऱ्याच्या हातात शिल्लक असते.

आता कोविडने संगीतावरच एवढा घाला का घातला, ते पाहू. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली नावाचा भाग आहे. तिथल्या एका हौशी गायकवृंदाची १० मार्च २०२० रोजी अडीच तास तालीम झाली. ६१ जण हजर होते. त्यांतले ५३ आजारी पडले, दोघे दगावले. गाताना माणूस खोल श्वास घेतो, जोराने सोडतो आणि बंद खोलीत तो श्वास सर्वांचा होतो. ही बातमी जगभर गेली आणि गाणारी-वाजवणारी मंडळी जागच्या जागी थांबली.

मग मोबाइलवर तालीम का नाही केली? लोकांनी केली, पण जमली नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दहा मीटरवरच्या माणसाचा टाळ मला सेकंदाच्या चौतिसाव्या हिश्शाने उशिरा ऐकू येतो. एवढे कान सांभाळून घेतो. मोबाइलवर हाच उशीर दहाव्या हिश्शाच्याही पुढे सहज जातो. प्रत्येकाला वाटते की दुसराच मागे पडतोय, म्हणून तो थांबतो, आणि त्याला थांबलेला पाहून तिसरा थांबतो. शेवटी गुरुजी म्हणतात, “सगळ्यांनी आपापला आवाज बंद करा आणि माझ्याबरोबर वाजवा.” त्यात एकट्याचा सराव होतो. साथ होत नाही.

वारीत हे शास्त्र आपल्या लोकांनी न शिकता ओळखले आहे. पालखीचा सोहळा काही किलोमीटर लांब असतो. एक किलोमीटरवरचा आवाज यायला तीन सेकंद लागतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून एक ताल धरणे शक्यच नाही. म्हणून प्रत्येक दिंडीचा पखवाज वेगळा, विणेकरी वेगळा. माउलींच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या चालतात, प्रत्येक आपल्यापुरती. पण मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी सगळ्या एकत्र येतात. चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, मग तिची दाद घेतली जाते. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या संचालकाच्या हातात काठी असते म्हणतात. आमच्या चोपदाराच्या हातात दंड असतो आणि त्याच्यापुढे तक्रार करण्याचीही सोय असते!

हा सोहळा २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे चालला नाही. १ जुलै २०२० आणि २० जुलै २०२१ या दोन्ही आषाढी एकादश्यांना संतांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या, सोबत मोजकी माणसे. २१ जून २०२२ रोजी माउलींची पालखी आळंदीहून पुन्हा पायी निघाली तेव्हा दूरदर्शनवर पाहताना आमच्या घरातले सगळे उभे राहिले होते. का उभे राहिलो, कुणी कुणाला विचारले नाही.

आता जरा जवळचे सांगतो. माझी नोकरी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कुलात झाली. शाळेचे लेझीम पथक होते. आमच्यापैकी कुणी शिक्षक ते शिकवत नसे. गावातले एक हलगीवाले आजोबा २६ जानेवारीच्या आधी महिनाभर रोज संध्याकाळी येत. पथकात आठवी-नववीची मुले. पाचवी ते सातवीची मुले मैदानाच्या कडेला बसून पाहायची. आठवीत गेले की हातात लेझीम यायची आणि शेजारी नववीचा मुलगा असायचा. पावले चुकली तर तोच कोपराने ढोसायचा. सगळे शिक्षण त्या कोपरात होते. लिहून कुणी काही ठेवले नव्हते.

२६ जानेवारी २०२० ला पथक शेवटचे खेळले. त्यानंतर काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रामीण भागातल्या शाळा पाचवीपासून उघडल्या, पण अंतर ठेवून. जून २०२२ मध्ये शाळा नीट सुरू झाली. माझा एक विद्यार्थी आता तिथेच शिक्षक आहे. त्याचा फोन आला, “सर, पथक पुन्हा उभं करायचंय. या ना दोन दिवस.” मी गेलो.

मी मराठीचा मास्तर, पण हिशेब साधाच होता. २०२० मध्ये आठवी-नववीत असलेली सगळी मुले दहावी होऊन बाहेर पडली होती. म्हणजे हे लेझीम खेळलेले एकही मूल आता शाळेत नव्हते. दहावीतली मुले तेव्हा सातवीत होती, त्यांनी फक्त पाहिले होते. आठवीतली तेव्हा पाचवीत, पहिल्याच वर्षी कडेला बसलेली. आणि हलगीवाले आजोबा २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत गेले होते. लेझिमा खोलीत जशाच्या तशा होत्या. थोडा गंज, बाकी काही नाही. साथ वस्तूंना हात लावत नाही. ती माणसांमधली जागा रिकामी करते.

मग त्या शिक्षकाने जुन्या मुलांना बोलावले. लातूरला बारावीचे क्लास करणारी, आयटीआयची, एक शेती पाहणारा, अशी सहा जण रविवारी आली. पहिल्या दिवशी त्यांच्यातच वाद. एक म्हणे इथे दोन पावले, दुसरा म्हणे तीन. तोंडाने ठेका धरून, भांडत, त्यांनी तासाभरात मधला भाग उभा केला. शेवटही जमला. लहान मुले शेजारी उभी राहिली आणि बघता बघता ते कोपर ढोसणे पुन्हा सुरू झाले.

अडले ते सुरुवातीला. मुले मैदानात यायच्या आधी आजोबा एकटेच हलगीवर काही वाजवत आणि त्याच्या एका ठरावीक टोकावर मुले पाऊल टाकत. ते कुणालाच आठवेना. मला विचारले. मला तो कान भरून टाकणारा आवाज आठवत होता, वाजवून दाखवण्यासारखे काही आठवत नव्हते. एकाच्या मोबाइलमध्ये २०२० चे चित्रण सापडले, पण ते मुले मैदानात आल्यावर सुरू होते. ती सुरुवात गेली. दुसऱ्या एका हलगीवाल्या तरुणाने आपली नवी बसवली. चांगली आहे. १७ ऑगस्ट २०२२ ला सकाळी ११ वाजता राज्यभर समूह राष्ट्रगीत झाले, त्या दिवशी राष्ट्रगीतानंतर मुलांनी तिच्यावरच पाऊल टाकले.

दूरच्या एका देशाचे सांगावेसे वाटते. व्हेनेझुएलात होसे अँतोनियो अब्रेऊ यांनी १९७५ मध्ये गरीब वस्त्यांतल्या मुलांचे वाद्यवृंद सुरू केले. तिथेही मोठे मूल लहानाला शिकवते. नोव्हेंबर २०२१ मध्ये काराकास शहरात त्यांचे ८,५७३ वादक एकत्र बसून वाजवू लागले आणि जगातला सर्वांत मोठा वाद्यवृंद म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. लोकांना तो विक्रम वाटला. मला मात्र त्यात आमचे ते सहा जणच दिसले. एवढ्या मोठ्या साखळीत साथीतही कुणीतरी कुणाचा हात धरून राहिले होते, म्हणून ते जमले.

निवृत्तीनंतर मी नांदेडला मुलाकडे असतो. जुलै २०२२ मध्ये सरकारने गणेशोत्सवावरचे निर्बंध उठवले आणि घरामागच्या मैदानावर ढोल पथकाचा सराव सुरू झाला. पहिले काही दिवस नुसता गोंधळ! सौ. खिडक्या लावून घ्यायची. शेजाऱ्यांनी तक्रार करायचे ठरवले, माझी सही मागितली. मी म्हटले, आठ दिवस थांबा. आवाजाचा त्रास खरा आहे, म्हाताऱ्या माणसाला तर जास्तच, आणि रात्री वेळेत थांबायलाच हवे, ते मी त्या पोरांना जाऊन सांगितलेही. पण मैदानावर मी एक पाहिले. ढोल बांधलेला पोरगा स्वतःच्या ढोलाकडे पाहत नव्हता, शेजाऱ्याच्या टिपरूकडे पाहत होता. दोन वर्षे ज्याने शेजारी बसलेल्या माणसाला टाळायचेच शिकले, त्याला ही नजर परत यायला थोडा वेळ द्यायला नको का?

साथीचे आकडे सरकारदरबारी नोंदलेले आहेत, ते राहतील. किती गावांतल्या किती हलग्यांची सुरुवात गेली, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. तुमच्या गावी भजनाची एखादी चाल, लेझमीचा एखादा हात, आरतीचा एखादा ठेका अजून कुणा एकाच माणसाच्या हातात असेल, तर या सुट्टीत एखादे मूल त्याच्या शेजारी नेऊन बसवा. चित्रणही करून ठेवा, पण अगदी पहिल्या ठोक्यापासून.