हातात मारणारे स्टिअरिंग : एका दोषाच्या निदानाचा इतिहास

मोटारीच्या स्टिअरिंगविषयीच्या तक्रारींत एक तक्रार निदानाला नेहमीच चिवट ठरत आली आहे. वेग ताशी 20-25 किलोमीटरही नसताना, उंचसखल रस्त्यावर, चालकाने हात स्थिर ठेवला असूनही गाडी एकाएकी डावीउजवीकडे झेपावते आणि स्टिअरिंग हातात मारते. आणि तीच गाडी गुळगुळीत रस्त्यावर ताशी 70 च्या वेगाने निमूट सरळ धावते. या दोषाचा इतिहास बऱ्याच अंशी चुकीच्या जागी घेतलेल्या शोधाचा इतिहास आहे, कारण मिस्त्रीच्या हाताला सैल झालेला सांधा चटकन लागतो, तर हा दोष पुष्कळदा कोणत्याही एका भागात नसून दोन धडधाकट भागांच्या परस्परविसंगत हालचालींत दडलेला असतो.

त्याचे मूळ मोटारीपूर्वीच्या काळात आहे. चारचाकी घोडागाडीत पुढचा आख्खा आस मधल्या एका खिळीभोवती वळत असे, त्यामुळे एक चाक दगडावर आपटले की तो धक्का अर्ध्या आसाएवढ्या लांब तरफेने संपूर्ण आस फिरवू पाही. म्युनिकचा गाडी-कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर याने प्रत्येक चाक स्वतःच्या खिळीवर स्वतंत्रपणे वळवणारी रचना केली आणि 1818 मध्ये तिचे इंग्लंडमधील पेटंट त्याचा लंडनमधील प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान याने घेतले; हा आकरमान तेव्हा मुख्यतः चित्रे आणि पुस्तके छापणारा प्रकाशक, तरी रचनेला नाव चिकटले ते त्याचेच. वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळावे, या तिच्या गुणाची चर्चा पुस्तकांत भरपूर आढळते. धक्क्याची तरफ आता खिळीची रेषा जमिनीला जिथे भेटते तिथपासून चाकाच्या टेकण्याच्या जागेपर्यंतच्या थोड्याशा अंतराएवढी उरली, हा दुसरा लाभ मात्र सहसा दुर्लक्षित राहतो, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच मोलाचा आहे.

पहिल्या मोटारींत गोल स्टिअरिंग नव्हते, होडीच्या सुकाणूसारखी दांडी होती, आणि ती चाकांना जवळजवळ थेट जोडलेली असल्याने रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा चालकाच्या मनगटापर्यंत पोहोचे. 1894 च्या पॅरिस-रुआँ स्पर्धेत आल्फ्रेड वाशरों याने आपल्या पानार गाडीला गोल स्टिअरिंग बसवले. पुढे त्याच्या तळाशी वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दंड, आणि त्यात अडकणारा दाते असलेला चाकाचा तुकडा, अशी जोडी सर्रास आली. आट्यांचा कोन लहान ठेवला तर हात चाकाला वळवू शकतो, पण चाक हाताला हलवू शकत नाही. धक्क्यांपासून सुटका झाली, तथापि त्याबरोबर रस्त्याची जाणीवही गेली, आणि वळणानंतर चाकांनी आपोआप सरळ होण्याची प्रवृत्तीही मंदावली. धक्के तर जोडदांड्यांमध्ये येतच राहिले. ते हाताला कळेनासे झाले आणि सांधे झिजवू लागले, एवढाच फरक पडला.

खरे संकट 1920 च्या दशकात उभे राहिले. फायरस्टोनने 1923 मध्ये कमी हवेचे, फुगीर बलून टायर बाजारात आणले, आणि त्याच सुमारास ब्रेकही पुढच्या चाकांवर येऊ लागले. टायर मऊ झाला आणि आसाच्या टोकांवरचे वजन वाढले, त्यामुळे पुढची चाके स्वतःहून डावीउजवीकडे थडथडू लागली; या सतत चालणाऱ्या थरथरीला शिमी म्हणत. कारण असे की फिरते चाक एका बाजूला कलले की भोवऱ्याच्या नियमाने ते त्याला काटकोनातल्या दिशेने वळू पाहते, आणि दोन्ही चाके एकाच ताठ आसावर असल्याने एकाचे उचलले जाणे दुसऱ्यालाही कलवते. फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रूलिए याने 1925 मध्ये या प्रश्नावर लिहिताना, बाजूने जोर आला की टायर ज्या दिशेला तोंड करून असतो त्याच दिशेला नेमका जात नाही, किंचित तिरका सरकतो, ही गोष्ट पुढे आणली, आणि तिच्यावाचून पुढचे सर्व विश्लेषण अशक्य झाले असते.

मात्र भोवऱ्याचा परिणाम वेगाबरोबर वाढतो, म्हणून मंद वेगातल्या डावीउजवीकडच्या उसळीचा उलगडा त्याने होत नाही. तिथे कारण वेगळे. पाट्यांच्या स्प्रिंगवर बसलेला आस वरखाली होताना स्प्रिंगच्या पक्क्या टोकाभोवती एक कमान काढतो. स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारी दांडी आपल्या सांध्याभोवती दुसरी कमान काढते. दोन्ही कमानी जुळल्या तर चाक सरळच राहते, जुळल्या नाहीत तर आस वर उचलला जाताना दांडी चाकाला ओढते किंवा ढकलते, आणि कोणी न वळवता चाक वळते. वेग कितीही कमी असो, खड्डा तेवढाच खोल असतो, म्हणून चाकाचे हे वळणेही तेवढेच राहते. कार्यशाळेत शिमी आणि ही उसळी यांची सरमिसळ फार काळ होत राहिली, व दोन्हींवर सांधे आवळण्याचा एकच उपाय चालला. वास्तविक सैल सांधा या दोषाला कधीकधी थोडा लपवतोही, कारण ढिलाईत चुकीची हालचाल काही अंशी जिरते, आणि नवे सांधे बसवल्यावर गाडी अधिकच चळते.

मॉरिस ऑली हा रोल्स-रॉइसमध्ये घडलेला ब्रिटिश अभियंता 1930 मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅककडे गेला, तेव्हा या गुंत्याला नवी दिशा मिळाली. वजने हलवून गाडीच्या दोन टोकांचे झोके बदलता येतील अशी एक लांब प्रायोगिक गाडी त्याने तयार करवली, आणि आरामासाठी पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात, हे दाखवून दिले. पण ताठ आसाखाली मऊ स्प्रिंग घातली की शिमी अनावर होई. तेव्हा आसच काढून टाकून प्रत्येक चाक दोन कमीअधिक लांबीच्या आडव्या बाहूंवर स्वतंत्रपणे टांगणे भाग पडले, आणि जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत 1934 सालापासून स्वतंत्र सस्पेन्शन आले. शिमीचा प्रश्न बराच सुटला. कमानींचा प्रश्न सुटला नाही, त्याने जागा बदलली: आता टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाला ढकलणारी आडवी दांडी, हिची लांबी आणि उंची त्या बाहूंशी जुळवावी लागली, आणि काही मिलिमीटरांचा फरकही जाणवू लागला.

भारतात हा वारसा मुख्यतः दोन गाड्यांतून पोहोचला. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डची वंशज, पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्यावर, म्हणजे टॉर्शन बारवर तिचा पुढचा भाग पेललेला. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणारी फियाट 1100, जी पुढे पद्मिनी झाली, ती गुंडाळीच्या स्प्रिंगांवर. टॉर्शन बार वर्षानुवर्षांच्या भाराने बसला की गाडीचा पुढचा भाग खाली येतो, टाय रॉड आखलेल्या रेषेतून ढळतो, आणि कमानी जुळणारा टप्पा मागे पडतो. एक बाजू अधिक बसली तर दोन चाके वेगवेगळी वळतात. अशा वेळी नुसते टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा किंचित कल, कितीही अचूक साधले तरी उपयोग मर्यादित राहतो. उंची आधी आणि अलाइनमेंट नंतर, हा क्रम त्यामुळे शिस्तीचा नव्हे, तर गरजेचा भाग आहे, आणि घाईच्या कामात तो आजही उलटतो.

पुढे रेडियल टायर आले, ज्यांची बाजूची प्रतिक्रिया जुन्या आडव्यातिडव्या धाग्यांच्या टायरांपेक्षा तत्पर असते, आणि हौसेने बसवलेले रुंद टायर तर रस्त्यावरच्या सरींना पकडून त्यांच्यामागे जातात. जुन्या गाडीला ते घातले की दोष रचनेचा नसून खरेदीचा असतो. पॉवर स्टिअरिंगने, आणि त्यानंतरच्या विजेवरच्या मदतीने, हाताला मिळणारी खूण आणखी मंद केली.

निदानाचा क्रम मात्र फारसा बदललेला नाही. गाडी उचलून चाक वरखाली धरून हलवले तर खिळीचा, बॉल जॉइंटचा किंवा बेअरिंगचा खेळ कळतो. डावीउजवीकडे धरून हलवले तर टाय रॉडच्या टोकांचा आणि स्टिअरिंग बॉक्सचा. टायरच्या कडा करवतीसारख्या झिजल्या असतील तर टो बिघडलेला असतो. यातून काहीच हाती लागले नाही, तर पुढची पायरी बहुतेक कार्यशाळा टाळतात: स्प्रिंग मोकळी करून चाक तळापासून माथ्यापर्यंत हळूहळू उचलायचे आणि प्रत्येक टप्प्यावर टो मोजायचा. अलाइनमेंटचे यंत्र, मग ते कितीही महागडे असो, उभ्या गाडीचा एकच टप्पा मोजते, आणि खड्ड्यात उसळणारे चाक त्या टप्प्यावर क्षणभरही थांबत नाही.