थिएटरे गेली, नावे उरली : मुंबईच्या वस्तीतील चित्रपटगृहांचा इतिहास

१/
दर पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत एक वाक्य हमखास येते : ‘हिंदमाता परिसरात पाणी तुंबले.’ हे नाव मूळचे चौकाचे नव्हे, दादर पूर्वेच्या एका चित्रपटगृहाचे. लालबागचा ‘भारतमाता’ थांबाही तसाच. या शहरातील वस्त्या थिएटरांच्या नावांनी ओळखल्या जात. ती थिएटरे एकामागून एक का बंद पडली, याचा हा मागोवा.

२/
७ जुलै १८९६. काळा घोडा परिसरातील वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. तिकीट एक रुपया. सामान्य मुंबईकराच्या आवाक्याबाहेरचे. आठवडाभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले आणि तेथे चार आण्यांचेही तिकीट निघाले. चित्रपट हॉटेलातून बाहेर पडला, तो या चार आण्यांमुळे.

३/
पडद्याआधी रंगमंच होता. १८४६ मध्ये जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने ग्रँट रोडला नाट्यगृह उभे राहिले. १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या मंडळीने तेथे प्रयोग केले. पुढे या भागात पारशी नाटक कंपन्यांची नाट्यगृहे वाढली आणि ‘प्लेहाऊस’चे लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झाले. त्यांतील काही नंतर चित्रपटगृहे बनली. आल्फ्रेड हे त्यांपैकी एक.

४/
गिरगावचे स्थान त्याहून मोठे.
• ३ मे १९१३ : कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’.
• १४ मार्च १९३१ : मॅजेस्टिकमध्ये पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’. गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले.
• डिसेंबर १९३६ : सेंट्रलमध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’. तो तेथे वर्षाहून अधिक काळ चालला.
भारतीय चित्रपटाच्या आरंभीच्या इतिहासाचे हे तीन टप्पे एकाच वस्तीत घडले.

५/
हे तेथेच का घडले? उत्तर चाळीत आहे. एका खोलीत आठ-दहा माणसे, बसायला व्हरांडा, निजायला गॅलरी. अशा घरातील माणसाला तीन तास स्वतःची खुर्ची, डोक्यावर पंखा आणि सोबत कुटुंब, हे सुख थिएटरातच मिळे. तेथवर जायला गाडीभाडे लागत नसे. रात्रीचा खेळ सुटल्यावर माणसे पायी घरी परतत.

६/
गिरणगावात थिएटराचे घड्याळ गिरणीच्या भोंग्याशी जुळलेले होते. पाळी सुटली की खिडकीपुढे रांग लागे. लालबागचे ‘भारतमाता’ ही कामगारांच्या मराठी चित्रपटांची हक्काची जागा ठरली. समतेचे मात्र ते मंदिर नव्हते : स्टॉल आणि बाल्कनी यांचे दर वेगळे होते. तरीही कारकून आणि कामगार एकाच छताखाली, एकाच प्रसंगाला हसत होते.

७/
पडदा कोणाचा, हा प्रश्नही पेटला. १९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरमध्ये स्थान मिळावे म्हणून शिवसेना मैदानात उतरली. मराठी माणसाच्या वस्तीतील थिएटर मराठी चित्रपटाला मिळत नाही, ही भावना त्यामागे होती. थिएटर ही वस्तीची मालमत्ता नसली, तरी वस्ती ते आपलेच मानत होती.

८/
मग ही थिएटरे ओस का पडली? नेहमीचे उत्तर : टीव्ही, व्हिडिओ आणि मल्टिप्लेक्स. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर तीन वर्षांनी प्रदर्शित झालेला ‘शोले’ मिनर्वात सुमारे पाच वर्षे चालला. घरात टीव्ही आला म्हणून माणसे लगेच थिएटर सोडून गेली, असे झाले नाही.

९/
माणसे गेली ती वस्तीतूनच. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप चिघळला, अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्याच नाहीत. चाळींतील कुटुंबे हळूहळू डोंबिवली, विरारकडे सरकली. पायी येणारा प्रेक्षक लोकलने दीड तास दूर गेला.

१०/
जमिनीचे गणितही उलटले. एकपडदा थिएटर हजारभर खुर्च्यांचे. स्वस्त तिकिटे, त्यावर जड करमणूक कर. २००१ च्या सुमारास राज्य शासनाने नव्या मल्टिप्लेक्सना या करात सुरुवातीची काही वर्षे मोठी सवलत दिली. जुन्या थिएटरांच्या वाट्याला ती आली नाही. थिएटर पाडले तरी नव्या बांधकामात चित्रपटगृह राखावे, असा नियम होता. चालवणे परवडेना आणि जागेचा दुसरा वापर सोपा नव्हता. म्हणून कित्येक इमारती कुलूपबंद उभ्या राहिल्या.

११/
टिकलेली थिएटरेही हेच सांगतात. मराठा मंदिरात ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ १९९५ पासून वर्षानुवर्षे चालला, कारण जवळच मुंबई सेंट्रलचे रेल्वे स्थानक आणि एसटीचे आगार आहे. प्रवासी आणि कष्टकरी यांचा तेथील ओघ आटला नाही. याउलट, १९९३ मध्ये बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाऊस जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये देखण्या रूपात उघडले. वास्तू वाचली, स्वस्त तिकिटाचा तिचा जुना प्रेक्षक मात्र परतला नाही.

१२/
‘भारतमाता’ची कथा या दोहोंच्या मधली. ते ज्या जमिनीवर उभे आहे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातील गिरणीची. भाडेपट्ट्याच्या वादात थिएटर जाणार असे दिसताच मराठी कलावंत आणि रहिवासी रस्त्यावर उतरले. गिरण्यांची धुराडी पडली, टॉवर उठले, पण हे थिएटर पाडले गेले नाही. येथे वास्तूच्या सौंदर्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांना ते आपले वाटत होते, त्यांतील काही माणसे अजून तेथे राहत होती.

१३/
मॅजेस्टिकच्या जागी आज शॉपिंग सेंटर आहे; नाव तेवढे उरले. वारसायादीत दगडी वास्तूंची नोंद होते, चार आण्यांच्या रांगेची होत नाही. तिचा पुरावा जुन्या दैनिकांच्या जाहिरातींत सापडतो : कोणता चित्रपट, कोणते थिएटर, दिवसाचे खेळ किती. एखाद्या वर्षाच्या या जाहिराती नकाशावर मांडून पाहाव्यात. चित्रपटांच्या यादीऐवजी, त्या वर्षी मुंबईत कोण कोठे राहत होते, हेच त्यातून उमटू लागेल.